प्रकरण नववे : पाच मिनिटांची मुभा

हिंगणघाटच्या बाजार समितीत आज कापूस काय भावाने गेला, एवढंच पाहायचं असतं. पण भाव सांगणारं एखादं संकेतस्थळ उघडलं की आकड्याच्या आधी झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची पट्टी येते. तिच्याखाली कुठलंसं टॉनिक, आणि मधेच आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट हमखास भलतीकडे पडतं. हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर असो की पुण्यातला फ्लॅट, हा वैताग सगळीकडे सारखाच.

आधीच्या प्रकरणांत आपण दिवे, पंखे आणि विहिरीवरचा पंप घराच्या एकाच फलकावर आणले. आता त्याच फलकावर डोळ्यांना न दिसणारी एक वस्तू आणायची आहे : अख्ख्या घराच्या जाहिराती गाळणारी गाळणी. ती बसवायला एक सुटीचा दिवस पुरतो. घरातल्या सगळ्यांनी ती टिकू द्यावी, हे अवघड काम आहे. म्हणून या प्रकरणात बसवण्यापेक्षा चालवण्यावर जास्त भर दिला आहे.

आधी नाव, मग पत्ता

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता असतो. माणसं मात्र नावं टाकतात. नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. एस.टी. स्टँडवर उतरलेला पाहुणा आधी पानठेल्यावर घर विचारतो आणि मग चालायला लागतो. आपला फोनही प्रत्येक वेळी तेच करतो.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर यंत्रं इतकी थोडी होती, की सगळ्यांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये मावत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. जाळं वाढलं तशी ही पद्धत पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डीएनएस मांडली. एकच मोठी यादी जाऊन जबाबदारी वाटून घेणारे हजारो सर्व्हर आले.

कापसाच्या भावाचं पान उघडताना फोन फक्त त्या संकेतस्थळाचं नाव विचारत नाही. पानातच लिहिलेलं असतं, की जाहिरात अमुक ठिकाणाहून आणा, वाचक कोण आहे ते तमुक ठिकाणी कळवा. अशी डझनावारी नावं फोन एकामागून एक विचारतो. डबलक्लिक हे त्यातलं जुनं आणि ठळक नाव. गूगलने ती कंपनी २००८ मध्ये ताब्यात घेतली. या नावांचा पत्ता विचारला गेला, की खरं उत्तर न देता ‘०.०.०.०’ असं सांगायचं. त्या पत्त्यावर कोणीच राहत नाही. फोन प्रयत्न सोडून देतो आणि जाहिरातीची जागा रिकामी राहते. गाळणीचं सगळं तंत्र एवढंच आहे.

गंमत अशी, की डीएनएसमुळे मोडीत निघालेली यादीची पद्धत इथे पुन्हा कामाला येते. स्टीव्हन ब्लॅक या संगणकतज्ज्ञाने एकत्र केलेली अशी एक यादी जगभर वापरली जाते. तिच्यात लाखाहून जास्त नावं आहेत आणि प्रत्येक ओळीचा साचा अर्पानेटच्या जुन्या फाइलसारखाच : आधी पत्ता, मग नाव. फक्त पत्त्याच्या जागी सगळीकडे शून्यं.

डबी कुठे बसते

हे काम करणाऱ्या दोन प्रणाली सर्वाधिक वापरात आहेत. पहिली पाय-होल. जेकब सॅलमेला यांनी ती २०१४ मध्ये सुरू केली. दुसरी अ‍ॅडगार्ड होम, ती २०१८ मध्ये आली. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींचा कोड खुला आहे. त्यांना मोठा संगणक लागत नाही. २०१२ मध्ये केंब्रिजहून निघालेला, तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय पुरतो. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही चालतो. पाच वॉटचा रास्पबेरी पाय महिनाभर अखंड चालला तर ३.६ युनिट वीज खातो.

अल्लीपूरमधलं एक घर डोळ्यांसमोर आणू. फायबरचं कनेक्शन, भिंतीवर राउटर, हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही, चार मोबाइल, गोठ्यावर नजर ठेवणारा एक कॅमेरा. गाळणीची डबी तारेने राउटरला जोडायची, तिला कायमचा पत्ता द्यायचा, समजा १९२.१६८.१.५, आणि राउटरला सांगायचं, की घरातल्या सगळ्या उपकरणांना नावं विचारायला याच पत्त्यावर पाठव. फोनमध्ये वेगळं काहीच टाकावं लागत नाही. ज्या टीव्हीत जाहिरात अडवणारं अ‍ॅप टाकताच येत नाही, तोही आपसूक गाळणीखाली येतो.

आपल्याकडे इथे तीन ठिकाणी गाडी अडते. कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलूच देत नाहीत. मग राउटरची डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद करून ते पाय-होलकडे द्यायचं. दुसरी अडचण आयपीव्ही-सिक्सची. भारतात या नव्या पत्तापद्धतीचा वापर खूप मोठा आहे. राउटर जुन्या पद्धतीने गाळणीचा पत्ता देतो आणि नव्या पद्धतीने गुपचूप कंपनीच्या डीएनएसचा. जाहिराती तशाच येत राहतात आणि आपण यादीला दोष देत बसतो. तेव्हा राउटरमधलं आयपीव्ही-सिक्सचं पानही उघडून पाहा. तिसरी चूक हौसेने केली जाते : ‘गाळणी बंद पडली तर असू द्या’ म्हणून राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ लिहून ठेवतात. उपकरणं दुसऱ्या पत्त्याला राखीव मानतीलच असं नाही, वाटेल तेव्हा तिकडेही विचारतात. गाळणीला तिथे भोक पडतं.

एक मर्यादा आत्ताच सांगायला हवी. यूट्यूबच्या व्हिडिओमधल्या जाहिराती या गाळणीने जात नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घराण्याच्या नावांवरून येतात. नाव अडवलं तर व्हिडिओही जातो. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणातल्या जाहिरातींचंही बऱ्याचदा तेच. शिवाय काही अ‍ॅप आणि ब्राउझर आपले प्रश्न कुलूपबंद करून थेट बाहेर पाठवतात. २०१८ पासून या पद्धतीला प्रमाण रूप मिळालं आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कुणी एखादा सर्व्हर लिहून ठेवला असेल, तर तो फोनही गाळणीला वळसा घालून जातो.

आजीला पान उघडत नाही

गाळणी बसल्यावर पहिले काही दिवस घर खूश असतं. मग तक्रार येते. आजीला फवारणीचा पंप पाहायचा आहे. तिने गूगलवर शोधलं, सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि पांढरं पान. पुन्हा बोट, पुन्हा पांढरं पान. “काहून बा, हे उघडूनच नाही राह्यलं!” तिचं काहीच चुकलेलं नाही. सगळ्यात वरची ओळ बहुतेक वेळा प्रायोजित असते. तिच्यावर बोट ठेवलं की फोन आधी गूगलच्या जाहिरात-सर्व्हरवर जातो आणि तिथून दुकानाच्या पानावर. गाळणीने मधलाच सर्व्हर अडवलेला असतो. दुकानाच्या सवलतीच्या मेसेजमधल्या लिंकचंही तसंच. पैसे भरतानाही एखादं पान मोजणी करणाऱ्या सर्व्हरची वाट पाहत तटून बसू शकतं.

अशा वेळी घरात ठरलेलं नाटक होतं. ज्याने गाळणी बसवली तो वर्ध्याला कामावर. पासवर्ड त्याच्याकडेच. फोनवरून तो सांगतो, ब्राउझरमध्ये हा आकडा टाक, मग डावीकडची यादी उघड, मग… तिकडे पैसे भरायची मुदत संपते. असं दोन-चारदा झालं की घरातलं कोणीतरी थेट डबीचा प्लग काढतं. मग इंटरनेटच बंद, कारण पत्ता सांगणारंच कोणी उरत नाही. शेवटी राउटर पूर्ववत होतो आणि डबी माळ्यावर जाते.

हा दोष यंत्राचा नाही, मांडणीचा आहे. नियम सगळ्या घराला लागू आणि तो शिथिल करायची किल्ली एकाच्या खिशात, ही व्यवस्था कुठल्याच घरात चालत नाही. तेव्हा गाळणीबरोबर पहिल्याच दिवशी तिची कळ सगळ्यांच्या हाताशी द्यायला हवी.

कळ फलकावर

ती देण्यासाठी होम असिस्टंट उपयोगी पडतो. पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही खुली प्रणाली घरातल्याच संगणकावर चालते. २०२४ पासून तिचा सांभाळ ओपन होम फाउंडेशन ही ना-नफा संस्था करते. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं ती एका फलकावर आणते, आणि पाय-होल व अ‍ॅडगार्ड होम या दोन्हींची जोडणी तिच्यात तयार आहे. सेटिंगमध्ये जाऊन पाय-होल निवडायचं, त्याचा पत्ता द्यायचा आणि पाय-होलच्या पानावर तयार केलेला ‘अ‍ॅप पासवर्ड’ टाकायचा. इथे पत्ता नावाने देऊ नका, आकड्यांत द्या. नावावरून पत्ता सांगणारं यंत्रच आजारी पडलं, तर त्याला नावाने शोधणार कसं?

जोडणी झाली की फलकावर काही आकडे दिसू लागतात : आज किती प्रश्न आले, त्यातले किती अडवले, शेकडा किती. त्यांच्यासोबत एक स्विच येतो, गाळणी चालू आणि गाळणी बंद. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तिथेच फसतात. साधा स्विच दिला तर पैसे भरताना तो बंद होतो आणि पुन्हा चालू करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. गाळणी महिनोन्‌महिने झोपलेली असते आणि घराला पत्ता नसतो.

होम असिस्टंटमध्ये त्याच्यावर नेमका उपाय आहे. ‘पाय-होल डॉट डिसेबल’ या नावाची एक क्रिया असते आणि तिला मुदत देता येते. मुदतीच्या रकान्यात ‘००:०५:००’ लिहायचं. एक बटण बनवायचं, त्याला ही क्रिया जोडायची आणि नाव मराठीतच द्यायचं : ‘जाहिरात-गाळणी ५ मिनिटं बंद’. पाच मिनिटांनी गाळणी स्वतःहून सुरू होते. ओटीपी येऊन पैसे भरून व्हायला एवढा वेळ पुरतो. बटण दाबल्यावर अडलेलं पान एकदा पुन्हा उघडायचं, एवढं मात्र घरात सांगून ठेवा. पाय-होलचं नकाराचं उत्तर फोन फार वेळ धरून ठेवत नाही, पण ब्राउझर कधी कधी जुन्या पानालाच चिकटून बसतो.

हेच बटण होम असिस्टंटच्या मोबाइल अ‍ॅपमधून फोनच्या पहिल्या पडद्यावर आणता येतं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या, पण व्यवस्थापकाचे अधिकार देऊ नका. म्हणजे बटण सगळ्यांना दाबता येतं आणि सेटिंग चुकून कोणाकडून बिघडत नाही. आजीला फोनमधली चित्रं शोधायला लावण्यापेक्षा स्वयंपाकघराच्या भिंतीवर झिगबीचं, म्हणजे घरातल्या घरात बिनतारी बोलणारं, बटण चिकटवा. ते नाण्याएवढ्या सेलवर चालतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. एकदा दाबलं की पाच मिनिटं मोकळी. तेवढा वेळ हॉलमधला एखादा छोटा दिवा नारिंगी ठेवायचा. गाळणी आत्ता बंद आहे, हे मग कोणाला सांगावं लागत नाही.

याला जोडून दोन स्वयंचलित सूचना ठेवा. गाळणी अर्ध्या तासाहून जास्त बंद राहिली, तर व्यवस्थापकाच्या फोनवर संदेश जावा. आणि बटण कोणत्या वेळी दाबलं गेलं याची नोंद राहावी. एकाच कामासाठी बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागत असेल, तर यादी चुकीची आहे. त्या सर्व्हरचं नाव कायमच्या परवानगीच्या यादीत टाका. बटण हा तात्पुरता इलाज असतो. त्याच्या नोंदी पाहून यादी सुधारली, की महिन्याभरात ते क्वचितच दाबलं जातं.

अ‍ॅडगार्ड होम वापरत असाल तर फलकावर आणखी स्विच मिळतात. त्यातल्या ‘सेफ सर्च’चा उपयोग मुलं असलेल्या घरात होतो : संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी चालू, रात्री बंद, असं वेळापत्रक लावता येतं. पाय-होलमध्ये असं वेगवेगळं करायचं तर उपकरणांचे गट पाडावे लागतात. त्याला थोडी जास्त खटपट आहे.

वीज गेली तर

वैदर्भीय वाचकाला हा प्रश्न आधीच पडला असेल. गावठाण फीडरवर वीज शेतीच्या फीडरपेक्षा बरी टिकते, पण पावसाळ्यात तिचाही नेम नाही. रास्पबेरी पायचं सगळं सामान एका मेमरी कार्डावर असतं आणि लिहिण्याच्या मध्येच वीज गेली तर कार्ड बिघडू शकतं. तेव्हा राउटर आणि डबी दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता राउटर घेतला तर दिवे हिरवे दिसतात आणि एकही पान उघडत नाही.

डबी नुसतीच गोठली, तर काय? होम असिस्टंट तिला ठरावीक वेळाने हाक देऊ शकतो. काही मिनिटं उत्तर आलं नाही, तर तिचा स्मार्ट प्लग बंद करून पुन्हा चालू करायचा. इथे एक फसगत टाळली पाहिजे. बाजारातले बरेच स्वस्त प्लग कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरकडून हुकूम घेतात. त्या सर्व्हरचा पत्ता सांगणार कोण? आपली गोठलेली डबीच. प्लग ऐकणारच नाही. म्हणून हा प्लग झिगबीचा किंवा घरच्या घरी चालणारा हवा. याच कारणासाठी होम असिस्टंट आणि गाळणी एकाच यंत्रावर ठेवू नयेत. ठेवणं सोपं आहे, अ‍ॅडगार्ड होम तर होम असिस्टंटच्या आतच अ‍ॅड-ऑन म्हणून बसतो. पण मग पडणारा आणि उठवणारा एकच झाला. जमल्यास गाळणीच दोन ठेवा, म्हणजे राउटरमध्ये दुसरा पत्ता लिहायचा मोहही निर्धोकपणे पुरवता येतो.

नोंदवहीला झाकण

गाळणी प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवते. रात्री सगळे झोपलेले असताना टीव्ही कोणाकोणाशी बोलतो, ते तिच्यात दिसतं, आणि पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. पडद्यावर काय चाललं आहे ते ओळखून कंपनीला कळवणारे टीव्ही ही कल्पित गोष्ट नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या कंपनीला ग्राहकांना न सांगता असं केल्याबद्दल २२ लाख डॉलर भरावे लागले होते.

पण याच वहीत सून कोणत्या डॉक्टरांची माहिती शोधते आणि मुलगा रात्री एक वाजता काय पाहतो, तेही उतरलेलं असतं. पूर्ण पान दिसत नसलं तरी संकेतस्थळाचं नाव दिसतं, आणि ते पुरेसं बोलकं असतं. जाहिरात कंपन्यांची पाळत नको म्हणून बसवलेल्या यंत्राने घरातच पाळत सुरू करावी, हे शोभत नाही. पाय-होलमध्ये गोपनीयतेचे शून्य ते तीन असे टप्पे आहेत. तिसऱ्या टप्प्यावर नाव आणि उपकरण दोन्ही झाकली जातात, बेरीज तेवढी उरते. घर लावून झालं, यादी सुधारली, की तिथे जा. फलकावर एकूण आकडे खुशाल दाखवा. कोणी काय विचारलं ते दाखवू नका.

कायदा आणि खर्च

सरकारनेही या बाजूला थोडी पावलं टाकली आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसवणुकीच्या तेरा क्लृप्त्यांवर मार्गदर्शक नियम काढले. मजकुराच्या वेषात आलेली जाहिरात त्यांपैकी एक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा जाहिरात देणाऱ्याला आवरतो, गाळणी ती घरात येऊ देत नाही. दोन्ही लागतात.

राहिला खर्च. मराठीतली कितीतरी छोटी संकेतस्थळं जाहिरातींवरच चालतात. त्यांच्या जाहिराती गाळून मजकूर फुकट वाचणं, हा सौदा एकतर्फी आहे. वर्धा जिल्ह्याला या प्रश्नाचं एक जुनं उत्तर माहीत आहे. १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आलेल्या गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधल्या जाहिराती बंद केल्या होत्या, आणि पुढे ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ ही साप्ताहिकंही जाहिरातींविना चालवली. पत्र वाचणाऱ्यांनी वर्गणी देऊन चालवावं, असा त्यांचा हिशेब होता. आपल्यालाही तो लागू पडतो. रोज वाचत असलेल्या संकेतस्थळाची वर्गणी असेल तर ती भरा. नसेल आणि त्याच्या जाहिराती सभ्य असतील, तर त्याला परवानगीच्या यादीत टाका.

आणि काम सुरू करताना क्रम उलटा ठेवा. आधी पाच मिनिटांचं बटण बनवा, ते घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर द्या, एकदा सगळ्यांकडून दाबून घ्या. मगच राउटरचा पत्ता बदला. यादी लाखाची असो की दहा लाखांची, त्या बटणाशिवाय गाळणी घरात टिकणार नाही.